परतीची तारीख सांगून गेलेला माणूस

आकाशात शेंडेनक्षत्र दिसले की राजाचे काही खरे नाही, दुष्काळ पडणार, साथ येणार, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानले गेले. युरोपातही वेगळी स्थिती नव्हती. सूर्य-चंद्राचे उदयास्त ठरलेले, ग्रहांच्या चालीचेही गणित बसलेले. पण धूमकेतू मात्र कोणत्याही पंचांगात न बसणारा. तो कधी, कुठून येईल आणि किती दिवस राहील, हे कोणालाच सांगता येत नसे. ज्याचा हिशेब लागत नाही त्याची भीती वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. सुमारे ३०० वर्षांपूर्वी एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने या हिशेबाबाहेरच्या पाहुण्याला वेळापत्रक दिले. धूमकेतू पुन्हा कधी येणार याचे साल त्याने छापून जाहीर केले. त्या वेळी तो पन्नाशीकडे झुकला होता आणि ते साल उजाडायला आणखी ५३ वर्षे होती. आपले म्हणणे खरे ठरते की खोटे, हे पाहायला आपण नसू, याची त्याला पुरती जाणीव होती. त्याचे नाव एडमंड हॅले.

हॅलेचा जन्म लंडनजवळच्या हॅगर्स्टन येथे, त्या काळी इंग्लंडमध्ये चालणाऱ्या जुन्या कालगणनेनुसार २९ ऑक्टोबर १६५६ रोजी झाला. आजच्या कालगणनेत ही तारीख ८ नोव्हेंबर येते. वडील साबणाचे धनाढ्य उत्पादक होते. मुलाचे आकाशाचे वेड त्यांनी हौसेने जोपासले. सेंट पॉल्स शाळेतून १६७३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा वेध घेण्याची स्वतःची उपकरणेही त्याच्याजवळ होती. ग्रिनिचची वेधशाळा त्याच सुमारास उभी राहिली आणि तेथील पहिले राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड उत्तर गोलार्धातल्या ताऱ्यांच्या नव्या यादीच्या कामाला लागले. दक्षिणेकडचे आकाश मात्र कोणी दुर्बिणीच्या साह्याने नीट मोजलेले नव्हते. हॅलेने ही उणीव हेरली. पदवीची पर्वा न करता त्याने १६७६ मध्ये विद्यापीठ सोडले आणि राजा दुसरा चार्ल्स याच्या शिफारशीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून थेट दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना बेट गाठले. पुढे नेपोलियनच्या बंदिवासाने प्रसिद्ध झालेले ते हेच बेट.

तेथील हवामानाने त्याची कसोटी पाहिली. आकाश आठवडेच्या आठवडे ढगांनी झाकलेले असे. तरीही ३४१ ताऱ्यांची स्थाने निश्चित करून तो १६७८ मध्ये परतला. राजाने आज्ञा करून त्याला ऑक्सफर्डची पदवी देवविली आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. याच बेटावरून १६७७ मध्ये त्याने सूर्यबिंबावरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला होता. या अधिक्रमणाच्या वेळा पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून मोजल्या तर सूर्याचे अंतर काढता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. बुधापेक्षा शुक्र या कामी अधिक उपयोगी, हेही त्याने ओळखले. पण शुक्राची पुढची अधिक्रमणे १७६१ आणि १७६९ मध्ये होती. आपल्या आयुष्यात न मावणाऱ्या तारखांशी त्याची गाठ पडली ती येथे पहिल्यांदा.

१६८० च्या अखेरीस तो युरोपच्या प्रवासाला निघाला असताना एक प्रचंड धूमकेतू आकाशात झळकला. पॅरिसच्या वेधशाळेत त्याने कॅसिनीबरोबर त्याचे निरीक्षण केले. काही धूमकेतू पुन्हा पुन्हा येत असावेत, अशी कल्पना कॅसिनीने त्याच्याजवळ बोलून दाखवली. ती त्या वेळी सिद्ध करता येण्यासारखी नव्हती, पण हॅलेच्या मनातून गेली नाही. १६८२ मध्ये मेरी टूक हिच्याशी विवाह करून त्याने लंडनजवळ इस्लिंग्टनला बिऱ्हाड केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक धूमकेतू दिसला. आधीच्या धूमकेतूच्या मानाने तो अगदीच साधा होता. नव्या घरातून हॅलेने त्याचे वेध घेतले आणि नोंदी करून ठेवल्या. पुढे साऱ्या जगात आपल्या नावाने ओळखला जाणारा धूमकेतू तो हाच, याची त्याला कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

त्या नोंदींचा अर्थ लागायला एक गोष्ट हवी होती : ग्रहांना सूर्याभोवती फिरवणाऱ्या नियमाचे गणित. १६८४ च्या जानेवारीत हॅले, रॉबर्ट हूक आणि ख्रिस्तोफर रेन या तिघांत याच प्रश्नावर चर्चा झाली. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाची कक्षा कोणत्या आकाराची होईल? उत्तर आपल्याजवळ आहे, असा हूकचा दावा होता. पण सिद्धता तो दाखवीना. त्यानंतरच्या महिन्यांत हॅलेवर घरगुती आघात झाला. मार्चमध्ये वडील अचानक बेपत्ता झाले आणि काही आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. मालमत्तेचे झंझट मागे लागले. तरीही ऑगस्टमध्ये तो केंब्रिजला जाऊन आयझॅक न्यूटनला भेटला आणि तोच प्रश्न त्याने त्याच्यापुढे ठेवला. कक्षा लंबवर्तुळाकार होईल, असे न्यूटनने तत्काळ सांगितले. आपण हे सोडवलेही आहे, पण तो कागद सध्या हाताशी नाही, असेही सांगितले. नोव्हेंबरमध्ये न्यूटनकडून नव्याने लिहिलेली सिद्धता आली. ती वाचताच हॅलेने ओळखले की हे काम एका टिपणात संपणारे नाही. त्याने न्यूटनचा पिच्छा पुरवला आणि त्यातून ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ उभा राहिला.

ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा रॉयल सोसायटीची तिजोरी रिकामी होती. माशांच्या इतिहासावरचा एक सचित्र ग्रंथ छापण्यात संस्थेचे पैसे गुंतले होते आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते. अखेर प्रिन्सिपियाचा खर्च हॅलेने स्वतःच्या खिशातून केला. मुद्रिते तपासली, आकृत्यांवर देखरेख ठेवली. संस्थेने त्याच्या चाकरीचे पैसेही माशांच्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रतींच्या रूपाने चुकते केले! मधल्या काळात व्यस्त वर्गाच्या नियमाचे श्रेय हूकने मागितले. न्यूटन इतका संतापला की ग्रंथाचा तिसरा खंड देणारच नाही म्हणून अडून बसला. हॅलेने मनधरणी करून त्याला वळवले आणि १६८७ मध्ये ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध झाला. या तिसऱ्या खंडातच धूमकेतूंचा सिद्धान्त होता आणि मोजक्या निरीक्षणांवरून त्यांची कक्षा काढण्याची रीतही होती. न्यूटनचा राग तेव्हा शमला नसता, तर हॅलेचे पुढचे मोठे काम कदाचित झालेच नसते. दुसऱ्याच्या ग्रंथासाठी खर्चलेली ही वर्षे अशी त्याच्याच उपयोगी पडली.

हॅलेचे मन एका विषयात रमणारे नव्हते. ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून त्याने १६९३ मध्ये आयुर्मानाचे कोष्टक मांडले. विम्याच्या गणिताचा तो एक पाया ठरला. पाण्याखाली माणसांना दीर्घ काळ राहता यावे म्हणून त्याने पाणबुड्यांसाठी घंटेच्या आकाराचे साधन सुधारले आणि स्वतः त्यात बसून तळाशी गेला. ‘पॅरामोर’ या लहानशा जहाजाचा कप्तान होऊन त्याने १६९८ ते १७०० या काळात अटलांटिक महासागरात होकायंत्राच्या विचलनाची मोजमापे केली. पहिल्या सफरीत जहाजावरच्या अधिकाऱ्याने त्याला जुमानले नाही, म्हणून तो अर्ध्यातून परतला आणि त्या अधिकाऱ्याला दूर करून पुन्हा निघाला.

एवढे असूनही १६९१ मध्ये ऑक्सफर्डचे खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद त्याला नाकारले गेले. जग अनादी आणि अनंत आहे असे हा मानतो, धर्मग्रंथांवर त्याची श्रद्धा नाही, अशी कुजबुज त्याच्याविरुद्ध होती. फ्लॅमस्टीडचाही विरोध होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे १६९४ च्या डिसेंबरात त्याने रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधाचे मोल कळते. बायबलमधला महाप्रलय एखादा धूमकेतू पृथ्वीवर आदळल्यामुळे किंवा तिला निसटता धक्का दिल्यामुळे झाला असेल काय, असा प्रश्न त्याने त्यात मांडला. कास्पियन समुद्राचा विस्तीर्ण खोलगट प्रदेश अशा आघाताची खूण असू शकेल, असेही त्याने सुचवले. कास्पियनबाबतचा तर्क टिकला नाही. पण आकाशातून येणारी वस्तू पृथ्वीचा चेहरामोहरा बदलू शकते, हा विचार शापाच्या किंवा शकुनाच्या भाषेत न मांडता निसर्गनियमांच्या भाषेत मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत हॅलेची गणना करावी लागते. धर्माधिकाऱ्यांचा रोष नको म्हणून त्याने हा निबंध छापला नाही. तो उजेडात आला तीस वर्षांनी, १७२४ मध्ये.

१६९५ च्या सुमारास त्याने धूमकेतूंच्या कक्षांचे गणित हाती घेतले. हे काम किती कष्टाचे होते याची आज कल्पना येणे कठीण. धूमकेतू दिसतो तो केवळ काही आठवडे, त्याच्या मार्गाच्या एका छोट्या तुकड्यावर. तेवढ्या तुकड्यावरून संपूर्ण वाट ठरवायची. पाहणारी पृथ्वीही स्थिर नाही, तीही फिरते आहे. जुन्या नोंदींत वेळा ढोबळ आणि स्थाने अंदाजाची. १६८२ चे सर्वांत काटेकोर वेध फ्लॅमस्टीडपाशी होते. तो हॅलेला ते देईना, म्हणून न्यूटनच्या मध्यस्थीने मिळवावे लागले. कागद, लेखणी आणि लॉगॅरिथमची कोष्टके एवढ्याच भांडवलावर हॅलेने १३३७ ते १६९८ या काळातल्या २४ धूमकेतूंच्या कक्षा काढल्या आणि एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडल्या.

त्या तक्त्यात तीन ओळी एकमेकींशी जुळत होत्या : १५३१, १६०७ आणि १६८२. तिन्ही धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरणारे. तिघांच्या कक्षांचा कल १७ ते १८ अंशांच्या दरम्यान. तिघांचेही सूर्यापासूनचे किमान अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सहा दशांशांहून किंचित कमी. हे तीन धूमकेतू नसून तीन वेळा आलेला एकच धूमकेतू आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. एक अडचण उरत होती. पहिल्या दोन भेटींत ७६ वर्षांहून थोडे अधिक अंतर होते, तर पुढच्या दोहोंत ७५ वर्षांहून थोडे कमी. नियमाने चालणारा पाहुणा असा मागेपुढे का व्हावा? हॅलेचे उत्तर होते : गुरू आणि शनी. या महाकाय ग्रहांच्या ओढीने धूमकेतूची चाल बदलते. ज्या विसंगतीमुळे कल्पना कोसळायची, तीच त्याने गुरुत्वाकर्षणाची खूण म्हणून पुढे केली. १७०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्याशा पुस्तिकेत त्याने लिहिले की हा धूमकेतू १७५८ मध्ये पुन्हा दिसेल. त्याच्या आदल्याच वर्षी, १७०४ मध्ये, ऑक्सफर्डने त्याला भूमितीचे प्राध्यापकपद दिले होते.

हॅलेचे सगळेच अंदाज बरोबर आले असे नाही. १६८० चा भव्य धूमकेतू ५७५ वर्षांनी परततो, असे त्याचे मत बनले होते. प्रत्यक्षात त्याचा फेरा हजारो वर्षांचा आहे. १५३२ आणि १६६१ चे धूमकेतू एकच असावेत, म्हणून तो १७८९ च्या सुमारास यावा, अशीही अपेक्षा त्याने व्यक्त केली होती. त्या वर्षी कोणी आले नाही. १६६१ चा तो धूमकेतू पुन्हा ओळखला गेला २००२ मध्ये, इकेया-झांग या नावाने. थोडक्यात, १७५८ चे भाकीत ही हमखास जिंकण्याची पैज नव्हती. ते फसते, तर दूरवरच्या धूमकेतूंनाही गुरुत्वाकर्षणाचा नियम लागू होतो या दाव्यालाच तडा गेला असता.

हॅलेच्या चरित्राला एक डागही आहे. फ्लॅमस्टीड आपली निरीक्षणे पूर्ण तपासल्याशिवाय छापू देत नव्हता. न्यूटनच्या आग्रहाने ती त्याच्या इच्छेविरुद्ध १७१२ मध्ये छापली गेली आणि संपादन केले हॅलेने. फ्लॅमस्टीडने पुढे मिळतील तेवढ्या प्रती ताब्यात घेऊन जाळून टाकल्या. आयुष्यभराचे काम असे परस्पर छापले जाण्याचे त्याचे दुःख खोटे म्हणता येत नाही. १७२० मध्ये हॅले त्याच्याच जागी राजज्योतिषी म्हणून ग्रिनिचला आला तेव्हा वेधशाळा रिकामी होती. उपकरणे फ्लॅमस्टीडची स्वतःची असल्याने त्याच्या विधवेने ती नेली होती.

तेव्हा हॅलेचे वय होते ६३. सरकारकडून अनुदान मिळवून त्याने नवी उपकरणे बसवली आणि समुद्रावर रेखांश काढण्यासाठी चंद्राची चाल मोजण्याचे काम सुरू केले. चंद्राच्या गतीतले फेरफार सुमारे १८ वर्षांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात. म्हणजे एक पूर्ण आवर्तन पाहायचे तर तेवढी वर्षे रोज जागले पाहिजे. पासष्टीच्या घरातल्या माणसाने असा संकल्प करावा याचे अनेकांना नवल वाटले असेल. त्याने तो तडीस नेला. शुक्राच्या अधिक्रमणाची सविस्तर योजना त्याने १७१६ मध्येच छापून ठेवली होती आणि ती पार पाडण्याचे आवाहन पुढच्या पिढीला केले होते. १४ जानेवारी १७४२ रोजी, आजच्या कालगणनेनुसार २५ जानेवारीला, ८५ व्या वर्षी ग्रिनिच येथे त्याचे निधन झाले. जवळच्या ली गावातल्या चर्चच्या आवारात, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीशेजारी त्याला पुरण्यात आले. धूमकेतूच्या परतीचे सुधारलेले भाकीत त्याच्या मागे, १७४९ मध्ये छापलेल्या कोष्टकांतून प्रसिद्ध झाले : १७५८ ची अखेर किंवा १७५९ ची सुरुवात. तो खरोखरच आला, तर हे भाकीत प्रथम एका इंग्रजाने केले होते एवढे पुढच्यांनी विसरू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती.

ठरलेले साल जवळ आले तशी फ्रान्समध्ये लगबग सुरू झाली. गुरू आणि शनी यांच्या ओढीने धूमकेतू नेमका किती रेंगाळेल, हे गणित गणितज्ञ क्लेरोने मांडले. आकडेमोडीचे प्रचंड ओझे त्याच्याबरोबर लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषीने उचलले. महिनोन् महिने सकाळपासून रात्रीपर्यंत हे तिघे आकड्यांत बुडाले होते. धूमकेतू आधी दिसला तर सारी मेहनत पाण्यात जायची. नोव्हेंबर १७५८ मध्ये उत्तर जाहीर झाले : गुरूमुळे सुमारे ५१८ आणि शनीमुळे १०० दिवसांचा उशीर, धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, चूक झालीच तर महिनाभराची.

१७५८ च्या नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या प्रोहलिस गावातल्या योहान गेऑर्ग पालिच या शेतकऱ्याला दुर्बिणीतून तो अंधूक ठिपका दिसला. पालिच स्वतःच्या प्रयत्नाने खगोलशास्त्र शिकलेला होता. साल संपायला सहा दिवस उरले होते. १३ मार्च १७५९ रोजी धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळून गेला. हॅलेच्या मृत्यूला तेव्हा १७ वर्षे झाली होती. धूमकेतूला त्याचे नाव मिळाले ते यानंतर. दोनच वर्षांनी शुक्राच्या अधिक्रमणासाठी निरीक्षक जगाच्या कानाकोपऱ्यांत रवाना झाले. तेही हॅलेच्याच सांगण्यावरून.

पुढे हा धूमकेतू १८३५, १९१० आणि १९८६ मध्ये येऊन गेला. मागच्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा इसवी सनपूर्व २४० मधल्या चिनी नोंदीपर्यंत त्याचा माग लागला. सन ८३७ मध्ये तो पृथ्वीपासून अवघ्या ५० लाख किलोमीटरवरून गेला होता. १९८६ मध्ये ‘जोत्तो’ या युरोपीय यानाने सुमारे ६०० किलोमीटरवरून त्याच्या गाभ्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो १५ किलोमीटर लांबीचा, कोळशासारखा काळा गोळा असल्याचे दिसले. त्या वर्षी गावाबाहेरच्या काळोखात जाऊन त्याचा फिकट पुंजका पाहिल्याची आठवण सांगणारे आपल्याकडेही भेटतील.

आज पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या ३५ हजारांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे. स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश धुंडाळतात आणि नवा ठिपका सापडला की संगणक क्षणात त्याची कक्षा मांडतो. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून सुखरूप निघून जाईल, हे आपण निश्चिंतपणे सांगतो. रीत मात्र बदललेली नाही. वेध घ्यायचे, कक्षा काढायची, ग्रहांची ओढ हिशेबात धरायची, जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे आणि तारीख सांगायची. उपकरणे नवी आली. हिशेबाची वही हॅलेनेच घालून दिलेली आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये हॅलेचा धूमकेतू नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे, सूर्यापासून पाच अब्ज किलोमीटरहून अधिक अंतरावर जाऊन माघारी वळला. तिथून तो आता आपल्याच दिशेने निघाला आहे. २८ जुलै २०६१ रोजी तो पुन्हा सूर्याजवळ असेल. आज शाळेत जाणारी मुले तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. आपल्यापैकी अनेकांना तो दिसणार नाही. तो येईल याविषयी शंका मात्र कोणालाही नाही.